गोल्फची काठी, नगरची थंडी आणि माझे वाया गेलेले पाच महिने



या वेळचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, हिला झालंय काय? पीएचडी चालू आहे गंजावर, गाव पारनेर तालुक्यात, आणि लिहितेय गोल्फवर! खरं सांगते, मी आयुष्यात एकदाही गोल्फ खेळलेले नाही. पण दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका जुन्या काठीने मला जे शिकवलं, ते ‘रिसर्च मेथडॉलॉजी’च्या पेपरासाठी मी पाठ केलं होतं. समजलं मात्र नव्हतं.

आधी शब्दाचं बघू. खेळणारे या काठीला ‘क्लब’ म्हणतात. पण संस्थेलाही क्लबच म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. म्हणून या लेखात मी सरळ ‘काठी’ म्हणेन. तिचे तीन भाग ध्यानात ठेवा: खाली डोकं, मधे दांडा, वर मूठ.

काठी घरी आली

पुण्याच्या जुन्या बाजारात मला ही काठी मिळाली. डोकं लोखंडाचं, दांडा लाकडाचा आणि मुठीवर गुंडाळलेल्या चामड्याची पट्टी अर्धी निघालेली. गंजाचा नमुना म्हणून मी ती घेतली, कारण जुनं, क्रोमचा मुलामा नसलेलं लोखंड आजकाल सहज सापडत नाही. पावसाळाभर ती होस्टेलच्या खोलीत पडून होती. डिसेंबरमध्ये गावी घेऊन गेले, तेव्हा डोकं खुळखुळ वाजायला लागलं होतं. दांडा आतमध्ये सैल झाला होता.

मी काय केलं असेल? तुम्ही जे केलं असतं तेच. वाचलं. ब्रिटनमधल्या खेळाडूंसाठी लिहिलेल्या सूचनांचं सार साधारण सारखंच असतं: हिवाळ्यात काठ्यांना ओलीपासून जपा, खेळून आल्यावर लगेच पुसा, उबदार कोरड्या जागी ठेवा. हिवाळा तर होताच. म्हणून मी काठी रात्रभर चुलीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवली.

सकाळी डोकं हातात आलं!

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सुतार. कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे आणि बैलगाड्यांची चाकं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी दांडा हातात घेतला, टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “लाकूड तहानलंय गं पोरी. त्याला आग कशाला दाखवती? पाणी पाज.”

उन्हाळ्यात कुदळ ढिली झाली की आपल्याकडे ती रात्रभर पाण्यात ठेवतात, हे गावात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. गाडीच्या चाकाची धाव सैल झाली की चाकही पाण्यात घालतात. मलाही माहीत होतं. पण काठी इंग्रजी, म्हणून उपायही मी इंग्रजी शोधला.

हिवाळा म्हणजे कुणाचा हिवाळा?

आता थोडा इतिहास. गोल्फ आणि हिवाळा यांचं नातं जुनं आहे. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळवट कुरणांवर हा खेळ वाढला. उन्हाळ्यात तिथे गवत इतकं माजायचं की चेंडू सापडणं मुश्कील. गवत कापायचं यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने बनवलं ते १८३० मध्ये. त्याआधी गवत खुरटं राहणारे थंडीचे महिनेच खेळायला सोयीचे होते. म्हणजे ज्या हवेत या काठ्या घडल्या, ती हवा गार आणि ओली होती.

हा खेळ हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. ब्रिटिश बेटांबाहेरच्या सगळ्यात जुन्या गोल्फ संस्थांमध्ये कलकत्त्याचं नाव घेतलं जातं. पुढे छावण्या आणि सिव्हिल स्टेशनांबरोबर खेळ देशभर पसरला. आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये त्याची खूण अजून लोकांच्या तोंडात आहे: हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला आजही कित्येक जण ‘गोल्फ क्लब मैदान’च म्हणतात. नगरचा किल्ला १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला आणि पुढे हे लष्करी गाव झालं. आज इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि लष्करी परिसरात गोल्फही खेळला जातो.

दख्खनवरही गोल्फचा खरा हंगाम हिवाळाच. पण कारण बरोब्बर उलटं. इथे पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भाजणारं ऊन. खेळायला चांगले दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. आणि तेच दिवस कोरडे. नगर शहर पर्जन्यछायेत आहे, वर्षाचा पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. डिसेंबरात पहाटे थंडी आणि गवतावर दव, दुपारी स्वच्छ ऊन आणि ओठ फुटतील अशी हवा.

या कोरडेपणामुळे मैदानंही बदलली. पाणी घालून हिरवळ टिकवणं परवडत नसे, म्हणून भारतातल्या अनेक मैदानांवर भोकाभोवतीची जागा गवताची न करता तेल मिसळलेल्या वाळूची करत. ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राऊन’! खेळ तोच, नियम तेच. पण काठीच्या तळाला गवताऐवजी वाळू आणि मुरूम घासायला लागला.

तिसरा हिवाळाही सांगते. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८९२ ते १८९६ या काळात अमेरिकेत व्हरमाँटला राहत होता. तिथे बर्फात गोल्फ खेळताना चेंडू दिसावा म्हणून तो चेंडूंना लाल रंग देत असे. स्कॉटलंड, व्हरमाँट, दख्खन: तिन्हीकडे ‘हिवाळ्यातला गोल्फ’, पण तिन्हीकडे काठीवर येणारं संकट वेगळं. ‘हिवाळ्यात काठी जपा’ हे वाक्य तिन्हीकडे बरोबर आहे. ‘कशापासून?’ याचं उत्तर मात्र त्या वाक्यात नाही.

लाकडाचं गणित

जुने दांडे हिकरीचे असत. हिकरी हे अमेरिकेतलं झाड, चिवट आणि लवचीक. एकोणिसाव्या शतकात हे लाकूड जहाजाने ब्रिटनला येऊ लागलं आणि हळूहळू बाकीच्या लाकडांना त्याने मागे टाकलं. म्हणजे माझ्या काठीतलं झाड एका खंडातलं, लोखंड दुसऱ्या खंडातलं, आणि आता ती दोन्ही माझ्या गावच्या भिंतीला टेकलेली.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल, तर लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी धरून स्थिरावतं. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की हेच प्रमाण साधारण ६ टक्क्यांवर येतं. पाणी गेलं की लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाही, पण जाडीत नक्की. हिकरीसाठी या ६ टक्क्यांच्या फरकाने जाडी अंदाजे दीड ते दोन टक्के कमी होते. डोक्याच्या खोबणीत बसणारा भाग १२ मिलिमीटर जाड धरला, तर ०.१७ ते ०.२५ मिलिमीटरची फट पडते.

पाव मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण खोबणीतली पकड घट्ट बसण्यावरच अवलंबून असते. आडवी खीळ असते, तीही मग सैल भोकात हलायला लागते. पाव मिलिमीटरमध्ये डोकं खुळखुळतं. चुलीजवळ ठेवून मी लाकडाचं उरलंसुरलं पाणीही काढून टाकलं होतं.

आबांनी काठीचं फक्त तोंड, म्हणजे डोकं आणि दांड्याचं जोडाचं टोक, बादलीत ठेवायला लावलं. सकाळी डोकं घट्ट! मला फार आनंद झाला. आबा मात्र म्हणाले, “पाण्याचं चार दिवस राहतं. मग परत ढिलं, आणि आधीपेक्षा जास्त.”

हे का होतं, ते मला नंतर वाचल्यावर कळलं. चहूबाजूंनी लोखंडाने जखडलेलं लाकूड फुगतं तेव्हा त्याला बाहेर जायला जागा नसते. त्याच्या पेशी चेपतात. पुन्हा वाळल्यावर ते मूळच्यापेक्षाही बारीक होतं. म्हणून पाणी हा पहिला उपचार, कायमचा नव्हे. कायमचा उपाय म्हणजे पाण्याची ये-जा मंद करणं: पाचर मारा, आणि दांड्याला जवसाचं तेल द्या. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट पापुद्रा धरतं. खोबरेल तसं करत नाही. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. नगरच्या डिसेंबरातल्या सकाळी बाटलीत बघा. लाकडात मुरणार कसं? गोल्फच्या जुन्या काळातही हिकरीला जवसाचं तेलच देत. आबांनी ती पुस्तकं वाचलेली नाहीत. लाकूड वाचलंय.

(एक सावधगिरी: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. ऑक्सिजनशी होणाऱ्या त्याच क्रियेतून उष्णता निघते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. चिंधी पसरून वाळवा.)

लोखंडाचं गणित

तिसऱ्या दिवशी खोबणीच्या काठावर नारिंगी रेघ दिसली. गंज! लाकडाला पाजलेलं पाणी लोखंडाला बाधलं होतं.

आता मुद्दा लक्षात आला ना? या काठीत दोन पदार्थ एकमेकांत अडकलेत आणि दोघांच्या गरजा विरुद्ध आहेत. लाकडाला थोडी ओल हवी, लोखंडाला अजिबात नको. ब्रिटनच्या हिवाळ्यात दोघांचा शत्रू एकच, ओल. म्हणून तिथला सल्ला सोपा. नगरच्या हिवाळ्यात लोखंड सुखात आणि लाकूड संकटात; पावसाळ्यात लोखंड संकटात आणि लाकूड सुजलेलं.

लोखंड कधी गंजतं, याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी दाखवलं की हवेत गंधकाच्या धुराचा अंश असेल, तर साधारण ६० टक्के आर्द्रतेपर्यंत गंज फारच हळू चढतो आणि त्यापुढे एकदम वेग घेतो. म्हणजे एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे लोखंड महिनोन्‌महिने जसंच्या तसं, पलीकडे काही दिवसांत नारिंगी. आपल्याच जिल्ह्यात बघा: पावसाळ्यात अकोले तालुक्यातलं घाटघर, ज्याला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात, ते कित्येक आठवडे या उंबरठ्याच्या पलीकडे असतं. त्याच दिवसांत नगर शहराची हवा दुपारी उघडीप पडली की खाली येते. जिल्हा एक, लोखंड एक, निकाल दोन.

मग जुन्या काळी हे गंजणारं लोखंड चकचकीत कसं राहायचं? कुणीतरी घासायचं म्हणून. साहेब खेळून घरी गेला की कॅडी पोरगा एमरी कागदाने डोकी घासत बसायचा. माझ्या काठीवर बनवणाऱ्याचा शिक्का जवळपास पुसला गेलाय आणि चेंडू लागतो तो भाग गुळगुळीत झालाय. खेळून तर झिजलं असेलच, पण शिक्का मागच्या बाजूला असतो आणि चेंडू तिथे लागत नाही. तो घासूनच गेला असणार. जुन्या काठ्यांवर ही झीज नेहमी दिसते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, इथे थांबा. क्लबाच्या वह्यांत सभासदांची नावं सापडतात, चषक जिंकणाऱ्यांची सापडतात. घासणाऱ्या पोराचं नाव बहुधा सापडत नाही. पण त्याचं काम त्या लोखंडात कोरलं गेलंय, किंवा खरं म्हणजे लोखंडातून कमी झालंय. वस्तू हाही कागदच असतो. त्यावर काय आहे हे जसं वाचतो, तसं काय नाहीसं झालंय हेही वाचायला शिका. आणि हे कॅडी कायम बाजूलाच राहिले असंही नाही. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीत कॅडी म्हणून काम केलेला होता.

भांडण मिटलं कसं?

लाकूड आणि लोखंड यांचं भांडण दोन टप्प्यांत मिटलं. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियम मिसळलेलं, न गंजणारं पोलाद बनवलं. पुढे डोकी त्या पोलादाची किंवा क्रोमचा मुलामा दिलेली येऊ लागली. दुसरीकडे चांगलं हिकरी मिळेनासं होत होतं. अमेरिकेने १९२० च्या दशकातच पोलादी नळीचा दांडा मान्य केला. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने तो १९२९ मध्ये मान्य केला. गंमत म्हणजे लोकांना जुनं रूप हवं होतं, म्हणून सुरुवातीच्या पोलादी दांड्यांवर लाकडासारखा दिसणारा लेप चढवून ते विकत. एमरी कागदाची गरज गेली आणि त्याबरोबर बादलीचीही.

माझे पाच महिने

आता माझ्यावर येते. त्या काळात मी पोलादाच्या छोट्या पट्ट्यांवर वेगवेगळे लेप लावून त्या किती गंजतात ते मोजत होते. जुलै ते सप्टेंबर पहिला लेप, नोव्हेंबर-डिसेंबर दुसरा लेप. दुसरा लेप फारच चांगला निघाला होता. मी आलेख काढला होता, परिषदेसाठी सारांशही लिहून ठेवला होता.

सुट्टीहून परतल्यावर काठीची गोष्ट मी मार्गदर्शकांना गंमत म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्या वहीत त्या दिवसांची आर्द्रता लिहिलेली आहे का?”

नव्हती. पट्ट्या उघड्या रॅकवर होत्या. पहिला लेप पावसाळ्यात तपासला, दुसरा कोरड्या हिवाळ्यात. दुसरा लेप चांगला होता की डिसेंबर चांगला होता? सांगता येईना. पाच महिन्यांची आकडेवारी बाजूला ठेवावी लागली. त्या रात्री रडले, हे लपवत नाही. कारण ज्या पेपरांतून मी पद्धत उचलली होती, त्यांत ‘खोलीच्या वातावरणात’ एवढंच लिहिलं होतं, आणि कुणाची खोली, कोणता महिना, हे मी विचारलंच नव्हतं. चुलीजवळ काठी ठेवताना जी चूक केली, तीच प्रयोगशाळेत आधीच करून बसले होते.

पुढे आर्द्रता नियंत्रित ठेवणाऱ्या पेटीत दोन्ही लेप एकाच वेळी ठेवून प्रयोग पुन्हा केला. दुसरा लेप थोडासा बरा निघाला. थोडासाच.

नगरच्या थंडीत काठी ठेवायची तर

हे वाचणाऱ्यांत कुणी खेळत असेल, किंवा कुणाच्या घरी आजोबांच्या जुन्या काठ्या असतील, तर एवढं करा:

– पहाटेच्या खेळात दवाने काठ्या भिजतात. पिशवीत घालण्यापूर्वी पुसा. ओली लोकरी टोपी डोक्यावर तशीच चढवून ठेवू नका. बाहेर कोरडी हवा असली तरी टोपीच्या आत पावसाळाच असतो.

– वाळू आणि मुरुमाची धूळ आधी ओल्या फडक्याने काढा, मग कोरड्याने पुसा. कोरडंच घासलंत तर धूळ एमरी कागदाचं काम करेल.

– क्रोमचा मुलामा जिथे दगड लागून उडालाय तिथे तेलाचा हलका हात द्या. गंज तिथूनच शिरतो.

– पोलादी दांडा पोकळ असतो. मुठीच्या टोकाच्या भोकातून पाणी आत गेलं तर तो आतून गंजतो, म्हणून मूठ धुताना भोकावर बोट धरा. रबराच्या मुठीला साधा साबण आणि पाणी पुरतं. हातांचं तेल साचून ती निसरडी होते.

– हिकरीचा दांडा असेल तर चूल, हीटर, उन्हातली गच्ची, सगळं वर्ज्य. हंगाम सुरू होताना जवसाचं तेल अगदी पातळ लावा, मुरू द्या, जास्तीचं पुसा. जुन्या चामड्याच्या मुठीला एरंडेलाचा थेंबभर हात पुरे.

– आणि मे महिन्यात काठ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. आजकालची डोकी इपॉक्सीने चिकटवलेली असतात, आणि कारागीर डोकं काढायला जोड तापवतो तो उगाच नाही.

माझी काठी आता होस्टेलच्या टेबलाशेजारी आहे. आबांनी सागाची बारीक पाचर बसवून दिली आणि दोनदा तेल पाजलं. यंदाच्या डिसेंबरात डोकं हललं नाही. भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक टांगलाय. रोज सकाळी वही उघडली की तारखेच्या शेजारी तापमान आणि आर्द्रता लिहिते, मगच पुढचं. तुमचा विषय रसायनशास्त्र असो, शेती असो की इतिहास, उद्या एखादी पद्धत कुठून उचलाल तेव्हा ती कुठल्या गावात आणि कुठल्या महिन्यात तयार झाली, हे समासात लिहून ठेवा. माझ्या जुन्या वहीतला तो समास अजून कोराच आहे.